बिननावाची हाक

इंदूरजवळचे राऊ मागे टाकून महूच्या दिशेने निघाले की सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि ती रांग जिथे वळते तिथे खाद्यतेलाची एक रिफायनरी आहे. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती. अशा एका लख्ख उन्हाच्या सकाळी मिताली शितोळे त्या फाटकातून आत शिरली ती अगदी नेहमीच्या कामासाठी. बिघडलेल्या कारखान्यांचे निदान करणे हा तिचा व्यवसाय होता. उमेदीची वर्षे मोठ्या पेट्रोलियम रिफायनऱ्यांत काढून ती इंदूरला परतली होती, आणि आसपास कुठे काही अडले की तिला बोलावणे येई. यंत्र कधी खोटे बोलत नाही, माणसेच त्याचे पुरते ऐकून घेत नाहीत, असे ती म्हणे. आणि हा विश्वास तिला आजवर फारसा कुठे महाग पडला नव्हता.

इथले बोलावणे शरद मोहित्यांमुळे आले होते. ते तिच्या आईचे धाकटे भाऊ, आणि या रिफायनरीत दुरुस्तीखात्याचे प्रमुख. वडील अकाली गेल्यावर मितालीच्या शिक्षणाचा भार याच मामाने उचलला होता. भाचीसाठी त्यांनी मालकांकडे शब्द टाकला होता, त्यामुळे तिच्या निदानाला आता त्यांची पतही बांधलेली होती.

"मितालीजी, सब करके देख लिया," कारखान्याचा व्यवस्थापक विक्रांत तिला चहा देता देता म्हणाला. "पंप बदलला, जेट साफ केले, नवीन गॅस्केट टाकले. तरी रोज दुपारी बाराच्या सुमाराला व्हॅक्यूम पडतो म्हणजे पडतोच. तेवढ्या वेळाचं तेल वास मारतं. दिवाळीचा माल है, पार्टी टँकर वापस पाठवून राहिली."

"वास कसला?"

विक्रांतने शरदमामांकडे पाहिले.

"बंद ट्रंकेचा," मामा म्हणाले. "जुने कपडे ठेवलेली ट्रंक उघडल्यावर येतो ना, तसा. बाकी तू बघ. आलीच आहेस तर आमच्या म्हाताऱ्याची नाडी धर."

म्हातारा म्हणजे डिओडोरायझर: तेलाचा वास काढून टाकणारे चार मजली उंचीचे पोलादी पात्र, आत एकाखाली एक अशी माणूस जाईल एवढ्या भोकाची ताटे बसवलेले. त्यातली हवा खेचून घेतलेली असते. अतोनात तापलेल्या तेलातून वाफ सोडतात, आणि ती वाफ तेलाचा सारा वास आपल्याबरोबर घेऊन निघून जाते. हे पात्र कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून जुने म्हणून विकत घेतलेले होते. त्यात कोणी दगावल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते, त्याच्याविषयी एखादी कुजबुजही नव्हती. आपल्याकडे पितर अन्न खात नाहीत, नुसता वास घेऊन तृप्त होतात, असे मानतात. आणि भर माध्यान्हीची वेळ तिन्हीसांजेइतकीच जपायची असते, हेही जुनी माणसे सांगतात. पण वास घेण्यासाठीच उभारलेल्या या पात्राकडे त्या नजरेने पाहण्याचे कोणाला काही कारण नव्हते, आणि मितालीला तर मुळीच नव्हते.

तिने रीतीप्रमाणे काम सुरू केले. व्हॅक्यूम खेचणारी यंत्रणा एकेक भाग सुटा करून तपासली. ती निर्दोष होती. पात्रात हवेचा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहिले. कुठे फुगा आला नाही. मग तिने दुपारचे बिघडलेले तेल काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरले, आणि तिचा चेहरा उजळला.

"शरदजी, रंग बघा," ती म्हणाली. कारखान्यात ती त्यांना मामा म्हणत नसे. "इतक्या तापलेल्या तेलाला हवा लागली असती तर ते काळवंडलं असतं. हे सोन्यासारखं आहे. म्हणजे आत काहीतरी शिरतंय, पण ती हवा नाही."

"मग?"

"वाफ. तेल तापवायला आत वाफेची जी वेटोळ्याची नळी आहे, त्या कॉइलला बारीक छिद्र असणार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगचा हॉल बंद होतो. तिथे टिन धुवायला वाफ लागते. ती लागेनाशी झाली की लाइनमधला दाब चढतो, आणि छिद्रातून वाफ जोरात आत येते. म्हणून बाराची वेळ. भूतबीत काही नाही."

"भुताचं नाव तूच काढलंस हं," मामा हसले.

तर्क सुरेख होता. विक्रांतनेही तो मान्य केला. कॉइल पाहायची तर पात्र थंड करून उघडायला हवे आणि आत माणूस उतरवायला हवा. शरदमामा म्हणाले, मी उतरतो. या म्हाताऱ्याची हाडे माझ्याइतकी कोणाला ठाऊक नाहीत. मितालीने आत उतरण्याच्या परवान्यावर सही केली.

पात्र उघडले त्या दिवशी सारे नियमाप्रमाणे झाले. वाफेच्या लाइनवर पोलादी पत्रा घालून ती पक्की बंद केली. वरच्या तोंडातून ताजी हवा आत सोडली आणि प्राणवायू मोजला. तो भरपूर होता. मामांनी कमरेला पट्टा बांधला, त्याचा दोर तोंडावर उभ्या केलेल्या तिकाटण्यावरच्या चरखीला अडकवला, आणि ते शिडीने आत उतरू लागले. वर, उघड्या तोंडापाशी, बंडू बसला. हा तिथला जुना फिटर. आत गेलेल्या माणसाला दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि त्याचा ओ ऐकायचा, एवढेच त्याचे काम. ओ आला नाही की चरखी फिरवायची.

"भिया!" बंडू आत ओरडला.

"हां भिया!" खालून मामांचा आवाज घुमत वर आला. पोलादाच्या भिंतींवर आपटत त्याचे तीन-चार तुकडे झाले आणि मग ते विरले.

मितालीने मागच्या पाटीकडे बोट केले. "बंडूजी, नाव घेऊन हाक मारायची असं लिहिलंय तिथे."

"इत्ते बड़े आदमीचं नाव घेऊ का, मॅडम?" बंडूने कान पकडला. "आणि शरदजी, शरदजी करता करता घसा बसून जाईल माझा. अपने इंदूरमध्ये भिया म्हटलं की झालं. कलेक्टरपण भिया, पोहेवालापण भिया."

"आणि आतला?"

"आतला सबसे बड़ा भिया."

मिताली हसली आणि खाली नियंत्रणकक्षात गेली. इथे क्षणभर थांबायला हवे. अनोळखी वेळी, अनोळखी जागी आलेल्या हाकेला ओ देऊ नये, हा संकेत कोकणापासून माळव्यापर्यंत सगळीकडे आढळतो, आणि त्याची पुष्कळ चर्चाही झाली आहे. त्याची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. हाक मारणाऱ्यानेही नाव घेतल्यावाचून हाक मारू नये. नाव घेतलेली हाक एका माणसापाशी जाऊन थांबते. बिननावाची हाक दार उघडे टाकून निघून जाते, आणि जो कोणी जवळ असेल त्याला ओ देण्याची मुभा असते. कारखान्याची पाटी लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याची शक्यता नाही. पण नियम त्याने नेमका लिहिला होता.

दुपारी भोंगा झाला. पॅकिंगच्या हॉलमधली खडखड थांबली, आणि कारखान्यावर अचानक इतकी शांतता पसरली की दूरच्या ट्रॉलीवरचे गाणे ऐकू येऊ लागले. मितालीने डबा उघडला होता. समोरच्या पडद्यावर तिचे लक्ष सहज गेले. वाफेचा दाब तिच्या अपेक्षेप्रमाणे चढत होता. त्याच्या शेजारी आणखी एक रेघ चढत होती. ती नायट्रोजनची होती.

तिचा हात घासासकट थांबला. टिनमध्ये तेल भरताना हवा काढायला नायट्रोजन लागतो. हॉल बंद झाला की त्याचाही दाब चढणार. पात्राचा व्हॅक्यूम मोडायला जी लाइन तळाशी जाते, तीही नायट्रोजनचीच. तिच्यावर पत्रा घातलेला नाही. तिच्यावर नुसती एक जुनी झडप आहे. नायट्रोजनने तेल काळवंडत नाही...

नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. तो माणसाला गुदमरल्याची जाणीवही होऊ देत नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि झोपल्यासारखा खाली बसतो.

"नायट्रोजनचा मुख्य कॉक बंद करा!" एवढे ओरडून ती जिन्याकडे धावली. लोखंडी पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. वर पोहोचली तेव्हा बंडू मांडी घालून निवांत बसला होता.

"मामा? मामा कसे आहेत?"

"एकदम फर्स्ट क्लास. ऐका ना." तो वाकला. "भिया!"

"हां भिया," खालून आवाज आला.

मितालीच्या छातीतला श्वास सुटला. तिने कठड्याला टेकून डोळे मिटले. मामांचाच आवाज होता, त्यात शंका नव्हती. तरीही तिचा व्यवसाय ऐकण्याचा होता, आणि काहीतरी खटकले होते.

"परत बोलवा."

"भिया!"

"हां भिया."

तोच सूर. तीच लांबी. शेवटच्या अक्षरावर तोच किंचित दाब. आणि या वेळी तिला कळले. सकाळी मामांचा प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून तुकड्यातुकड्यांनी वर येत होता. हा आवाज कुठेच आपटत नव्हता. पोलादी विहिरीच्या तळातून तो असा येत होता, जसा कोणी कानाशी तोंड आणून बोलावे.

तिने गुडघे टेकले आणि त्या काळ्या तोंडात डोके घातले. आतून बंद ट्रंकेचा वास येत होता.

"मामा!"

काही नाही.

"शरदमामा! शरद मोहिते!"

तिचाच आवाज फुटून परत आला. त्यामागे शांतता.

बंडूचा चेहरा उतरला. "असं कसं... आत्ता तर बोलून राहिले होते..." आणि सवयीने, जवळजवळ रडवेला होऊन, त्याने पुन्हा हाक मारली. "भिया...?"

"हां भिया."

"चरखी!" मिताली किंचाळली. "ओढा! ओढा आधी!"

दोघांनी मिळून चरखी फिरवली. दोर ताठ झाला, करकरला, आणि जड, निर्जीव ओझे एकेका ताटाच्या भोकातून वर येऊ लागले. खालच्या अंधारातून प्रथम मामांचे टक्कल दिसले, मग खाली लोंबणारे हात. ओठ जांभळे पडले होते. विक्रांत आणि आणखी दोघे धावत आले, त्यांनी मामांना बाहेर घेतले, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. मिताली त्यांच्या छातीकडे पाहत राहिली. छाती हलली. मग पुन्हा हलली.

त्या क्षणी, जेव्हा मामा उन्हात तापलेल्या जाळीवर पडलेले होते आणि कोणी कोणाला हाक मारत नव्हते, पात्राच्या तळातून शांतपणे आवाज आला.

"हां भिया."

बंडूने झाकण ओढून घेतले. नंतर विक्रांतने विचारले तेव्हा मिताली म्हणाली की आतल्या पोकळीत दाब बदलला की असे आवाज येतात. ती हे ठामपणे म्हणाली, आणि विक्रांतने ते लिहून घेतले.

मामा वाचले. इंदूरच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होते. इकडे झडप उघडून पाहिली तेव्हा तिचे तोंड झिजलेले निघाले. बंद असूनही ती दाब चढताच नायट्रोजन आत सोडत होती. रोज बाराला पडणारा व्हॅक्यूम, वास राहिलेले पण न काळवंडलेले तेल, सगळ्याचा उलगडा एका झिजलेल्या झडपेने झाला. मितालीचा तर्क एका लाइनीने चुकला होता. तिने ते अहवालात स्वतःच्या हाताने लिहिले, नवी झडप बसवून घेतली, प्रत्येक लाइनवर पत्रा घालायचा नियम केला. आणि दुसरा नियम असा केला: यापुढे आतल्या माणसाला पूर्ण नावानेच हाक मारायची. भिया म्हणणाऱ्याला कामावरून घरी पाठवले जाईल.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. मामा उशीला टेकून बसले होते, मामी खाली औषधे आणायला गेली होती.

"चुकले मी, मामा."

"झडप माझ्या खात्याची. तू कशाला चुकतेस?" त्यांनी तिचा हात थोपटला, आणि तो सोडला नाही. "मिताली, एक विचारू? आत माझ्याबरोबर दुसऱ्या कोणाला उतरवलं होतंस?"

"नाही हो. तुम्ही एकटेच."

"मी कॉइलपाशी बसलो. पायातलं बळ गेलं. वरून बंडूची हाक आली. ओ द्यायला तोंड उघडलं... तेवढ्यात माझ्या शेजारून कोणी ओ दिला. मोठ्या अदबीनं. आपल्याला त्रास नको म्हणून दुसऱ्यानं आपलं काम करावं ना, तसं."

"प्राणवायू कमी पडला की असे भास होतात."

"होत असतील." त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. "मग त्यानं मला विचारलं, ऊपर कौन है, भिया? मी म्हणालो, बंडू. मग म्हणाला... और वो मैडम जो आई हैं? उनका नाम?"

मितालीच्या मनगटावरची त्यांची पकड घट्ट झाली.

"मी नाही सांगितलं, पोरी. तुझ्या आईची शपथ. तेवढं भान होतं मला."

"मग?"

"हसला. म्हणाला... रहने दो, भिया. वो लोग खुद ही चिल्ला के बता देंगे।"

मामी औषधांची पिशवी घेऊन आत आली, आणि मामांनी हात सोडला.

पात्र बंद करण्यापूर्वी आतून शेवटची तपासणी व्हायची होती. विक्रांत म्हणाला, "किसी और को भेज दो ना, मितालीजी." तिने नकारार्थी मान हलवली. निदान तिचे होते, चूकही तिची होती. त्या अंधारात दुसऱ्या कोणाला उतरवून आपण वर उभे राहणे तिला पटणारे नव्हते. शिवाय आता धोका उरलाच नव्हता. प्रत्येक लाइनवर पत्रा होता. प्रत्येक ताटापाशी प्राणवायू मोजलेला होता, तो तिने स्वतः मोजला होता, आणि एक छोटे मापकयंत्र तिच्या खिशाला लावलेले होते. वर सकाळचे कोवळे ऊन होते. मनात भीती आहे का, हे तिने स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारून पाहिले, आणि उत्तर नाही असे आले.

ती शिडीने उतरू लागली. पोलाद गार होते. दिव्याच्या उजेडात एकामागून एक ताटे वर सरकत गेली.

"मिताली शितोळे!" बंडूचा आवाज वरून घुमत आला. बाईमाणसाला असे पूर्ण नावाने पुकारायचे म्हणून तो ओशाळला होता, पण नियम पाळत होता.

"ओ!"

तिने पहिले ताट तपासले. नट घट्ट होते. दुसरे तपासले. सगळे ठीक होते.

"मिताली शितोळे!"

"ओ! ठीक आहे, बंडूजी!"

कॉइल आता फक्त एका ताटाखाली होती. तिने शिडीच्या पुढच्या दांड्यावर पाय ठेवला, तोच पुन्हा हाक आली.

"मिताली शितोळे."

बंडूचाच आवाज. तिने श्वास घेतला, ओ द्यायला ओठ उघडले, आणि सवयीने वर पाहिले. खूप उंचावर उजेडाचे लहानसे वर्तुळ होते. त्यात बंडू दिसत होता. त्याने मान मागे टाकून पाण्याची बाटली तोंडाला लावली होती.

हाक घुमली नव्हती. ती तिच्या पायांखालून आली होती.